जुन्या जिप्सीचं काम शहरात देताय? आधी आमच्या गाडीचं काय झालं ते वाचा

ज्यांच्या दारात जुनी मारुती जिप्सी, महिंद्राची एमएम ५४० किंवा तशीच एखादी फोर बाय फोर उभी आहे आणि जे बेताच्या पैशात ती चालू ठेवतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आम्हाला एका गॅरेजने फसवलं, आणि ते फक्त बिल फुगवून नाही. त्यांनी गाडीतला चांगला माल काढून घेतला, त्या जागी झिजलेला बसवला आणि वर त्याच कामाचे पैसे घेतले. बिल फुगवलं तर घरी आल्यावर लक्षात येतं. माल बदललेला महिनोन्महिने कळत नाही, म्हणून सविस्तर सांगतो.

आमची गाडी २००२ सालची जिप्सी किंग, १२९८ सीसी, एमपीएफआय. लांज्याच्या बाजूला वरच्या अंगाला आमची काजूची आणि आंब्याची बाग आहे. पावसाळ्यात त्या जांभ्याच्या चढावर दुसरी गाडी जात नाही. वडिलांनी ही गाडी जपून वापरली होती. गावातले मेस्त्रीकाका तिची सगळी कामं करायचे, पण त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्यांनी मोठी कामं घेणं थांबवलं. त्याच सुमारास गाडीचे तीन त्रास एकत्र आले. फोर-एलमध्ये (चारही चाकांना जोर देणाऱ्या सगळ्यात हळू गिअरमध्ये) टाकल्यावर लिव्हर सुटून न्यूट्रलला यायचा. पुढच्या नकलमधून (चाक वळतं त्या सांध्यातून) ऑइल गळायचं. आणि साठच्या पुढे स्टीअरिंग थडथडायचं.

घाटावरच्या एका शहरात फक्त ऑफरोड गाड्यांचं काम करणारं गॅरेज आहे असं कळलं. त्यांचे व्हिडिओ होते, ओळखीतल्या दोघांनी नावही घेतलं. मालक बोलायला गोड. "दादा, जिप्सी म्हणजे आपलं घरचं काम," असं म्हणाला. अंदाजपत्रक लिहून दिलं: ट्रान्सफर केस (गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारी पेटी) ओव्हरहॉल, दोन्ही बाजूंची किंगपिन बेअरिंग, नकल सील किट, चारी बाजूंचे पाट्यांचे बुश, आणि मागच्या बाजूला चासीला गंज होता तिथे वेल्डिंग. सगळं मिळून पासष्ट हजार. अर्धे आधी.

पुढे काय झालं ते समजायचं तर जिप्सीचा माल आज का चोरीला जातो ते आधी पाहावं लागेल. ही गाडी १९८५ साली आली आणि २०१८-१९ च्या सुमारास बंद झाली. लष्कराने ती मोठ्या संख्येने वापरली, ताडोबा-पेंचच्या सफारीत आजही जिप्सी धावतात, रॅलीवाल्यांना ती हवी असते आणि जुन्या गाड्या नव्याने बांधणाऱ्यांचीही मागणी असते. गाडीला मागणी आहे आणि नवा माल मात्र कमी होत चाललाय. त्यामुळे चांगल्या अवस्थेतली ट्रान्सफर केस, न झिजलेला क्राउन-पिनियन (ॲक्सलच्या मधल्या डिफरन्शिअलमधली दातेरी जोडी), न सडलेली चासी यांना आज चांगली किंमत येते. जी गाडी एकाच हाताखाली नीट वापरली गेली, तिच्या पोटात असा माल असतो. आमच्या गाडीत तो होता.

गाडी सोडल्यावर काही दिवसांनी फोन आला. "दादा, उघडल्यावर कळलं, आतला गिअर तुटलाय. फोटो टाकलाय बघा." फोटोत निळ्या फडक्यावर ठेवलेला गिअर, दोन दात उडालेले. मग पुढच्या डिफरन्शिअलचा फोटो, मग कुजलेल्या चासीचा. प्रत्येक फोटोबरोबर आकडा वाढत गेला. गाडी परत आली तेव्हा बिल एक लाख चाळीस हजारांवर गेलं होतं, तेही कोऱ्या कागदावर हाताने लिहिलेलं. पैसे मालकाच्या मुलाच्या नंबरवर टाकायला सांगितले. जुना माल मागितला तर सिमेंटच्या गोणीत बांधून दिला.

गाडी दिसायला देखणी झाली होती. खालून सगळीकडे काळं अंडरकोटिंग, नकल कोरडे ठणठणीत. स्टीअरिंगची थडथडही खरोखर गेली होती. ते काम त्यांनी केलं होतं, हे मी मान्य करतो.

पहिल्या पावसात बागेच्या चढावर फोर-एल टाकलं. आता लिव्हर सुटेना, उलट अडकून बसला. गाडी गचके द्यायला लागली, खालून टकटक आवाज, स्टीअरिंग जड. कसाबसा चढ काढला. कडक रस्त्याला लागलो तर पुढची चाकं जणू मागे ओढत होती. आणि एक दिवस पुढच्या प्रॉपेलर शाफ्टचा (ट्रान्सफर केसपासून ॲक्सलला जोर नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस तुटला.

मेस्त्रीकाकांना बोलावलं. डोळे अधू असले तरी हात तेच. त्यांनी आधी ट्रान्सफर केसच्या तळाशी बोटं फिरवली आणि म्हणाले, "ही आपली नव्हे." का, तर आमच्या केसच्या ड्रेन प्लगचे आटे पूर्वी एकदा गेले होते. काकांनीच रत्नागिरीच्या लेथवाल्याकडून भोक मोठं करून, नवे आटे पाडून, मोठ्या मापाचा प्लग बसवला होता. इथे मूळ मापाचा प्लग होता. त्याखाली परात ठेवून ऑइल सोडलं. बिलात नवं ९० नंबर ऑइल लावलेलं. परातीत पडलं ते काळं, चकाकत्या लोखंडी कणांनी भरलेलं.

मग त्यांनी रेशो, म्हणजे क्राउनच्या एका फेऱ्याला प्रॉपेलर शाफ्टचे किती फेरे होतात, तो मोजायला लावला. ही तपासणी प्रत्येकाला करता येते, म्हणून नीट लिहितो. गाडी सपाट जागी, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून दगड लावायचे. ट्रान्सफर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं, दुसरं जमिनीवरच ठेवायचं. उचललेल्या चाकावर आणि मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर खडूने खूण करायची. चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवायचं आणि शाफ्ट किती फिरला ते एकाने खालून मोजायचं. एक चाक स्थिर असल्यामुळे उचललेल्या चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा होतो, म्हणून शाफ्टचे जितके फेरे तितका तुमचा रेशो. मग हेच पुढे करायचं, पण ट्रान्सफर टू-एचला (साध्या दोन चाकांच्या गिअरला) ठेवून आणि पुढचे हब लॉक करून, म्हणजे चाक ॲक्सलला जोडलं जातं. दोन्ही आकडे जुळलेच पाहिजेत. आमचे जुळले नाहीत. पुढे दुसऱ्याच मॉडेलच्या जिप्सीचं डिफरन्शिअल बसवलेलं होतं.

जिप्सीत पुढच्या-मागच्या शाफ्टच्या मध्ये वेगळं डिफरन्शिअल नसतं. फोर व्हीलमध्ये टाकलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात. पुढचं चाक एका गतीने फिरायला बघतं, मागचं दुसऱ्या. चिखलात टायर घसरतात आणि ताण निघून जातो. जांभ्यावर किंवा डांबरावर तो ताण कुठेतरी फुटतो. आमचा क्रॉस त्यानेच तुटला. उतारावर तुटला असता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजून मनातून काढू शकलेलो नाही.

आणि चोरी किती सोपी होती पाहा. नकलची सीलं बदलायची म्हणजे दोन्ही बाजूंचे ॲक्सल शाफ्ट बाहेर काढावेच लागतात. ते निघाले की डिफरन्शिअलचा पूर्ण संच बाहेर यायला फक्त काही नट उरतात. तुम्ही स्वतः सांगितलेल्या कामातच त्यांना दार उघडं मिळतं. आधी संशय यावा असं त्यात काहीच नव्हतं.

गोणी उघडली. काकांनी बेअरिंगं पुसून त्यांवरचे नंबर मला वाचायला लावले. साध्या बॉल बेअरिंगच्या नंबरात शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की आतल्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये मिळतं (०४ पासून पुढे): ६२०५ म्हणजे २५, ६३०६ म्हणजे ३०. गोणीतलं एकही बेअरिंग जिप्सीच्या शाफ्टला बसणारं नव्हतं. दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचं भंगार आम्हाला 'तुमचा जुना माल' म्हणून दिलं होतं.

चासीची गोष्ट त्याहून वाईट. कोकणातल्या गाडीची चासी आतून सडते. पाणी आणि चिखल चासीच्या पोकळ पेटीत साचून राहतो. सडलेला भाग कापून काढायचा, तेवढ्याच जाडीची पट्टी घालून सगळीकडून वेल्ड करायचं, ही खरी रीत. इथे सडक्या भागावरच पातळ पत्रा टाकून चार ठिकाणी टाके मारले होते, सांध्यात लांबी (पुट्टी) भरली होती आणि वरून अंडरकोटिंगचा जाड थर. काकांनी हातोडीने ठोकत नेलं. धड लोखंड खणखणतं, तिथे आवाज बसका आला आणि दुसऱ्या ठोक्याला पत्रा आत गेला. मागच्या पाट्याच्या शॅकलपासून हातभर अंतरावर. ताजं अंडरकोटिंग मारलेली जुनी गाडी कोणी दाखवली, मग ती विकायला असो की काम करून परत आलेली, तर हातोडी आणि लोहचुंबक घेऊन खाली शिरा. लांबी भरलेल्या जागी चुंबक धरत नाही.

निळ्या फडक्यावरच्या गिअरचा उलगडा नंतर झाला. ओळखीतून जुन्नरकडच्या एका जिप्सीवाल्याशी बोलणं झालं. त्यालाही त्याच गॅरेजने फोटो पाठवला होता. तेच फडकं, तेच दोन दात. दोन माणसांच्या दोन गाड्यांतला 'तुटलेला गिअर' एकच होता. म्हणून आता मी सगळ्यांना सांगतो, फोटो घेऊ नका, व्हिडिओ कॉल करा. गाडीची नंबर प्लेट किंवा चासी नंबर दाखवून, कॅमेरा न थांबवता, त्याच गाडीखालचा उघडलेला भाग दाखवायला सांगा. काम खरं असेल तर मेस्त्री दोन मिनिटांत दाखवतो.

गाडी सोडण्याआधी आता आम्ही काय करतो तेही सांगतो. गिअरबॉक्स, ट्रान्सफर, दोन्ही डिफरन्शिअल यांच्या केसिंगवर आडबाजूला पंचने खूण मारतो आणि तारखेसह फोटो काढतो. बोल्ट आणि केसिंग दोन्हींवरून जाणारी रंगाची एक रेघ ओढतो. बोल्ट खोलला तर रेघ तुटते, म्हणजे जे उघडायचं नव्हतं ते उघडलं का हे कळतं, आणि ज्याचे पैसे लावलेत ते खरंच उघडलं का हेही. इंजिन नंबरचा फोटो तर हवाच. इंजिन बदललं गेलं आणि नंबर आरसीशी जुळला नाही, तर पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला गाडी अडकते. इंजिन चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलिसांना उत्तर तुम्ही देता. पासिंगची फी सहाशेवरून पाच हजार झाली एप्रिल २०२२ मध्ये. जुनी गाडी ठेवणं आधीच महाग झालंय, त्यात ही भर नको.

पक्कं बिल घ्याच. अठरा टक्के जीएसटी वाचतो म्हणून कच्च्या कागदावर मोठं काम करू नका. तो कागद घेऊन कुठेही उभं राहता येत नाही. आमच्याकडे सुदैवाने लेखी अंदाजपत्रक, व्हॉट्सॲपवरचे फोटो आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी होत्या.

त्यावर पुढची लढाई झाली. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, मग वकिलाकडून नोटीस. तुम्हालाही हे करावं लागलं तर लक्षात ठेवा: २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, गॅरेजच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षांची. ताब्यात दिलेला माल बदलणं हा फौजदारी गुन्हाही होऊ शकतो. भारतीय न्याय संहितेत विश्वासघाताला कलम ३१६ आणि फसवणुकीला ३१८ आहे. नोटिशीत ही कलमं आली तेव्हा मालकाचा सूर बदलला. "पोरांकडून दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या मालाशी अदलाबदल झाली असेल," म्हणाला. अदलाबदल चुकून झाली असती तर भंगाराची गोणी कशाला बांधून दिली, याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी साठ हजार परत आले आणि पुढचं डिफरन्शिअल मिळालं. तेही आमचंच आहे हे काकांनी आतल्या शिमच्या (अंतर जुळवायच्या पातळ चकत्यांच्या) संचावरून ओळखलं, मगच सही केली. चासी रत्नागिरीत कापून नीट जोडून घेतली. ट्रान्सफर केस मात्र 'विकली गेली' एवढंच सांगतात, कोणाला ते सांगत नाहीत. उरलेल्या पैशांची तक्रार जिल्हा आयोगापुढे आहे.

गेल्या वर्षभरात कोणी किंगची जुनी ट्रान्सफर केस पुण्या-मुंबईकडून घेतली असेल, तर कृपा करून गाडीखाली एकदा पाहा. ड्रेन प्लग नेहमीच्या मापापेक्षा मोठा असेल आणि त्याच्या भोवती लेथवर घासल्याची गोल खूण असेल, तर ती बहुधा आमची आहे. तुमच्याकडून ती परत मागणार नाही, तुम्ही पैसे मोजून घेतली आहे. मला फक्त ती कोणी विकली त्याची पावती किंवा पैसे पाठवल्याची नोंद हवी आहे, आयोगापुढे ठेवायला.