फायरस्टोअरचं सर्व्हर टाइमस्टॅम्प, दीड वर्ष वापरल्यावर

गावच्या दूध संकलन केंद्रासाठी कोटलिनमध्ये अ‍ॅप लिहिलंय, डेटाबेस फायरस्टोअर. त्याची सर्व्हर टाइमस्टॅम्पची सोय, म्हणजे नोंदीची वेळ फोनच्या घड्याळावरून न घेता सर्व्हरनेच भरायची, मला मनापासून आवडते, पाचपैकी साडेचार देईन, पण ती नेमकी चालते कशी ते आधी समजून घ्या.

आमच्या एका फोनची तारीख दोन दिवस मागे होती आणि त्यावरून टाकलेली नोंद सरळ परवाच्या खात्यात जाऊन बसली. मी म्हटलं असं कसं, वेळेच्या फील्डवर सर्व्हरटाइमस्टॅम्पचं अ‍ॅनोटेशन, म्हणजे कोडमधली खूण, तर लावलंय. चूक माझीच होती, नोंदीच्या डेटा क्लासमध्ये त्या फील्डला डिफॉल्ट म्हणून डेट(), म्हणजे फोनची चालू वेळ, देऊन ठेवलेलं. फील्ड नल, म्हणजे रिकामं, असेल तरच सर्व्हर स्वतःची वेळ भरतो, आधी काही असेल तर तेच जसंच्या तसं लिहिलं जातं, एरर नाही काही नाही. डिफॉल्ट नल केला आणि सुटलो. शेवटच्या बदलाची वेळ ठेवणाऱ्या अपडेटेडअ‍ॅटचंही तसंच, वाचून आणलेला ऑब्जेक्ट बदलून परत सेट केला की जुनीच वेळ जाते, त्याआधी ते फील्ड नल करावं लागतं.

सेव्ह केल्या केल्या लिसनर (डेटा बदलला की चालणारा कोड) फायर होतो, सर्व्हरकडून उत्तर यायच्या आधीच, आणि तेव्हा वेळ नल मिळते. नोंद वाचून ऑब्जेक्ट बनवणाऱ्या टूऑब्जेक्टला एस्टिमेट हा पर्याय पास करा, तोवर अंदाजे वेळ दिसते.

आता खरी गोष्ट. ही वेळ नोंद सर्व्हरला पोचल्याची असते, दूध मोजल्याची नाही! आमच्याकडे रेंजचा भरवसा नाही, संध्याकाळी साडेसहाला मोजलेलं 8 लिटर म्हशीचं दूध, फॅट 6.8, दुसऱ्या दिवशी सकाळी सिंक झालं तर नुसत्या टाइमस्टॅम्पवर ते सकाळच्या पाळीत दिसणार, आणि शेतकऱ्याचं दहा दिवसांचं बिल तर याच पाळ्यांवरून निघतं, तिथे घोळ झाला तर त्याला काय तोंड दाखवणार. म्हणून दोन फील्ड ठेवा, तारीख-पाळी माणसाने निवडलेली आणि शेजारी सर्व्हरची वेळ. दोन्हीत फार अंतर दिसलं की आम्ही वही काढून बघतो.

सिक्युरिटी रूल्समध्ये, म्हणजे सर्व्हर कोणतं लिखाण स्वीकारेल त्या नियमांत, क्रिएटेडअ‍ॅट (नोंद तयार झाल्याची वेळ) हा रिक्वेस्ट.टाइमइतकाच, म्हणजे सर्व्हरला विनंती मिळाल्याच्या वेळेइतकाच, असला पाहिजे अशी अट क्रिएटला घालता येते, ती जरूर घाला. मी पहिल्या दिवशी घातली असती तर ते डेट()वालं पहिलंच राइट नाकारलं गेलं असतं.