हाफ-लाइफ ३ की पोर्टल ३?

साताऱ्यात राजवाड्याच्या चौपाटीवर पावभाजी खाता खाता पैज लागली: व्हॉल्व्ह ही व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी गुपचूप काय शिजवतंय, हाफ-लाइफ या गेमचा तिसरा भाग की पोर्टलचा? हरणाऱ्यानं पाव किलो कंदी पेढे द्यायचे.

मी हाफ-लाइफच्या बाजूनं. २००७च्या हाफ-लाइफ २: एपिसोड टूमध्ये शास्त्रज्ञ एलाय व्हान्स मरतो, लेक ॲलिक्स त्याला कवटाळून रडते आणि पडदा काळा. पुढं तेरा वर्षं काहीच नाही! मग २०२०च्या 'हाफ-लाइफ: ॲलिक्स' या गेमनं तोच प्रसंग फिरवला. एलाय वाचतो, ॲलिक्स गायब होते, आणि डॉग नावाचा रोबो पहार घेऊन येतो, ती एलाय गेमचा नायक गॉर्डनच्या हातात देतो. आता उगाच कोण कुणाच्या हातात पहार देईल?

मित्र पोर्टलवाला. कोडी भारी, टोमणे त्याहून भारी, हे मलाही मान्य. पण २०११च्या दुसऱ्या भागात ग्लॅडॉस ही खलनायक संगणक नायिका चेलला सोडून देते, चेल गव्हाच्या शेतात बाहेर पडते, मागोमाग पहिल्या भागातला तिचा सोबती, तो जळका क्यूबही (ठोकळा) येतो. संपली की गोष्ट.

अडचण एकच. पोर्टल, डोटा, लेफ्ट फोर डेड, टीम फोर्ट्रेस, व्हॉल्व्हच्या या सगळ्या गेमची गाडी दुसऱ्या भागावरच अडलीय. पेढे आत्ताच घेऊन खाल्लेले बरे.