मेटॅलिकाची ‘ब्लॅकन्ड’ : नऊ महिने, दोन बाटल्या

गेल्या आठवड्यात मेटॅलिका या अमेरिकी हेवी मेटल बँडच्या ‘ब्लॅकन्ड’ व्हिस्कीची दुसरी बाटली संपली आणि तिसरी आणावी की नाही हे ठरेना, म्हणून नऊ महिन्यांचा हिशेब मांडत आहे. 30 ऑक्टोबर 2011 रोजी बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर चिखलात उभे राहून ज्यांनी मेटॅलिकाला ऐकले, त्यांच्यापैकी मी एक. त्यामुळे कॅलिफोर्नियात आल्यावर ही बाटली आज ना उद्या घरी येणारच होती, आणि पहिल्या खरेदीच्या वेळी एरवी पै-पैचा विचार करणारा मी किंमतही न विचारता पैसे देऊन मोकळा झालो, हे आधीच कबूल करतो. दर 44 डॉलर, कर धरून 48 च्या वर. आपल्या 60 मिलिलिटरच्या मापाने बाटलीत साडेबारा पेग बसतात, म्हणजे पेगमागे जवळजवळ 4 डॉलर.

बाटलीवर नुसते ‘बोर्बन’ असे लिहिलेले नाही, आणि ते योग्यच आहे. अमेरिकी कायद्याप्रमाणे बोर्बनला किमान 51 टक्के मका लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते. येथे बोर्बन आणि राय (राय या धान्यापासून केलेली) व्हिस्की एकत्र करून ते मिश्रण ब्लॅक ब्रँडीच्या पिंपांत पुन्हा मुरवले जाते. परंतु बाटली खपते ती या पिंपांमुळे नव्हे, तर त्यांना ऐकवलेल्या संगीतामुळे. केंटकी राज्यातल्या मेकर्स मार्क या बोर्बन कंपनीत अनेक वर्षे काढलेले डेव्ह पिकेरेल यांनी 2018 साली बँडबरोबर ही व्हिस्की तयार केली. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत असताना तेथील चॅपलमधल्या अवाढव्य ऑर्गनचे खालचे सूर त्यांना कानांपेक्षा अंगात जास्त जाणवत, आणि त्या आठवणीतून ही कल्पना निघाली. मेटॅलिकाच्या गाण्यांतली मंद्र कंपने पिंपांवर सोडली की आतले मद्य हलत राहते, लाकडात अधिक शिरते आणि अधिक चव घेऊन बाहेर येते, असे या ‘ब्लॅक नॉइज’ पद्धतीचे म्हणणे आहे. प्रत्येक बॅचसाठी गाण्यांची यादी वेगळी असते. पिकेरेल त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेले आणि पुढे रॉब डिट्रिक यांनी काम हाती घेतले.

पहिला महिनाभर मला ही व्हिस्की आवडली नाही. जर्दाळू आणि जळक्या साखरेचा वास चांगला येत असे, पण घोट घेतला की ब्रँडीचा गोडवा पुढे आणि रायचा तिखटपणा मागे, अशी दोन वेगळी माणसे एकाच खुर्चीवर बसल्यासारखी चव लागे. बाटली अर्ध्यावर आली, आत हवा खेळली आणि दोघांचे जुळले. लवंग-दालचिनीचा शेवट लांबला, घशातली जळजळ उतरली. आता मी नवी बाटली उघडून एक पेग काढतो आणि तीन आठवडे तिच्याकडे पाहत नाही. बर्फ घालू नये. पाणी चमचाभर पुरते.

माझी खरी तक्रार निराळी आहे. हीच व्हिस्की, याच पिंपांतली, पण गाणे न ऐकवलेली अशी बाटली विकत मिळत नाही. मग संगीताचे पैसे मी कशाच्या भरवशावर मोजायचे? साध्या कोठारात हेच काम हवामान फुकट करते: केंटकीच्या उन्हाळ्यात मद्य फुगून लाकडात शिरते, हिवाळ्यात आक्रसून बाहेर येते. पिंपांना संगीत ऐकवणेही नवे नाही. केंटकीतल्याच लुइव्हिलच्या कॉपर अँड किंग्ज या डिस्टिलरीने तळघरात सबवूफर (खालचे सूर काढणारे स्पीकर) लावून ब्रँडी मुरवलेली आहे.

शेवटी मीच खटाटोप केला. दुसरी बाटली निराळ्या बॅचची, म्हणजे निराळ्या गाण्यांची होती, म्हणून पहिलीतली थोडी एका लहान शिशीत काठोकाठ भरून ठेवली होती. पत्नीने ग्लासांच्या बुडाला नेलपॉलिशचे ठिपके लावले आणि पाच संध्याकाळी मिळून दहा वेळा मला ओळखायला लावले. पाच वेळा बरोबर आले. नाणे उडवूनही तेवढेच आले असते. यावरून गाणी बदलल्याने मला फरक कळत नाही एवढेच सिद्ध होते, कंपने निरुपयोगी आहेत असे नाही, हे मला समजते.

म्हणून दुसरा प्रयोग केला. मूळ व्हिस्कीइतकीच, म्हणजे 45 टक्के मद्यार्काची एक स्वस्त बोर्बन दोन भाग, तेवढ्याच तीव्रतेची राय एक भाग आणि त्यात मोजून थोडी ब्रँडी, असे मिश्रण करून तीन आठवडे कपाटात ठेवले. खर्च मूळ बाटलीच्या निम्म्याच्या आसपास. आपल्याला फसवले जात असल्याचे आता उघड होणार अशा आनंदात मी होतो. पत्नी व्हिस्की पीत नाही, तिने नुसता वास घेतला आणि प्रत्येक वेळी माझे मिश्रण बाजूला काढून ‘याला खोकल्याच्या औषधाचा वास आहे’ असे सांगितले. चाखल्यावर मलाही मान्य करावे लागले. पहिल्या घोटापर्यंत माझे मिश्रण बरोबरीने चालते, नंतर मूळ व्हिस्कीचा मसाला जिभेवर रेंगाळतो आणि माझा विरून जातो. तो रेंगाळणारा मसाला चांगल्या, जुन्या रायचा, ब्रँडीच्या लाकडाचा की गिटारचा, हे मी चवीवरून सांगू शकत नाही, आणि त्या शांत पिंपातल्या बाटलीची आठवण होऊन पुन्हा चिडचिड होते.

तिसरी बाटली 38 डॉलरच्या आत मिळाली तर घेईन. तोवर घरच्या मिश्रणाची पाऊण बाटली शिल्लक आहे. ती ओतून देणे माझ्याच्याने होणार नाही, त्यामुळे सध्या तेच सोडा घालून पीत आहे.