गोल्फचा तयार सेट : नवशिक्याने काय वापरावं, काय बॅगेतच ठेवावं

नवशिक्यांसाठी एकाच खोक्यात मिळणारा सेट साधारण दहा-बारा क्लबचा (चेंडू मारायच्या काठ्यांचा) असतो. ड्रायव्हर (सगळ्यात लांबच्या फटक्याचा), एक फेअरवे वूड (जाड डोक्याचा, लांब फटक्याचा), एखादा हायब्रिड (वूड आणि आयर्न यांच्या मधला), सहा ते नऊ नंबरचे आयर्न (पातळ धातूच्या डोक्याचे), पिचिंग वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा), पटर (चेंडू जमिनीवरून भोकाकडे ढकलायचा) आणि स्टँडची बॅग. सँड वेज (वाळूतून चेंडू काढायचा) काहींत असतो, काहींत नसतो. नियमाने 14 पर्यंत क्लब चालतात, पण शिकताना एवढेही लागत नाहीत. हा सेट घ्यायचा तो सात नंबरचा आयर्न, सँड वेज आणि पटर यांच्यासाठी. हे तीन चांगले निघाले की बाकीचं चालवून घेता येतं.

सात नंबरवरच सुरुवातीचा बहुतेक सराव होतो. याची पाठ पोकळ असते आणि वजन कडेला नेलेलं असतं. त्यामुळे चेंडू मधोमध लागला नाही तरी क्लबचं डोकं हातात फारसं फिरत नाही. इथे स्वस्त सेटही निराश करत नाहीत. गडबड होते ती मापात, म्हणजे दांडा आणि डोकं यांच्यातल्या कोनात. क्लब टेकवून उभं राहिल्यावर डोक्याच्या टोकाखालून (दांड्यापासून दूरच्या बाजूखालून) एखादं नाणं सरकावं, इतपत फट ठीक. पक्कं पाहायचं तर चेंडूवर मार्करने जाड उभी रेघ ओढा, ती फेसकडे (क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूकडे) करून चेंडू मारा. फेसवर उमटलेली रेघ सरळ आली तर माप जुळलं. तिरकी आली आणि टोक वर राहत असेल, तर क्लबची टाच (दांड्याजवळची बाजू) जमिनीत आधी रुतते, फेस बंद होतो आणि चेंडू डावीकडे पळतो. (हे उजव्या हाताने खेळणाऱ्याचं; डावखुऱ्यांनी उलट समजावं.) शिकणारा मात्र बिचारा आपल्या स्विंगलाच दोष देत बसतो! दुकानात हा कोन बदलून मिळतो, पण ओतीव डोकं एक-दोन अंशांपलीकडे वाकवायला देऊ नये, मोडू शकतं.

ग्रिपची जाडीही तेव्हाच बघून घ्यावी. डाव्या हाताने पकडल्यावर मधली बोटं अंगठ्याखालच्या मांसल भागाला जेमतेम टेकली पाहिजेत. हातमोजा तळव्याच्या टाचेशी लवकर फाटत असेल, तर पकड बोटांऐवजी तळव्यात जातेय.

ड्रायव्हर हा खोक्यातला सगळ्यात देखणा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा. साधारण 45 इंच लांब, म्हणजे सात नंबरपेक्षा सात-आठ इंच जास्त, आणि लॉफ्ट (फेस मागे कललेला कोन) दहा-बारा अंशांचा. एवढ्या कमी लॉफ्टला फेस जरा उघडा राहिला की चेंडू उजवीकडे वळतो तो वळतोच. टीवरूनही (चेंडू ठेवायच्या छोट्या खुंटीवरूनही) हायब्रिड मारा. टी जमिनीवर सेंटीमीटरभरच ठेवा.

सँड वेज नसलेला सेट घेऊ नये. बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) पिचिंग वेज चालवायला गेलात तर त्याची पुढची धार वाळूत खोल शिरते आणि चेंडू तिथेच राहतो. 54 ते 56 अंशांच्या सँड वेजचा तळ मागच्या बाजूला खाली फुगलेला असतो, त्यामुळे तो वाळूवरून घसरत जातो. आधी फेस उघडा, मग पकड घ्या. पकडीनंतर मनगट वळवून उघडलेला फेस फटक्याच्या वेळी पुन्हा बंद होतो. चेंडूच्या मागे सुमारे दोन इंचांवर वाळू मारा आणि स्विंग पुरा करा. मध्येच थांबलात तर चेंडू बंकरच्या बाहेर येत नाही.

पटर बहुधा 34-35 इंचांचा असतो, बहुतेकांना चालतो. चेंडूपाशी पटर घेऊन उभं राहा आणि नाकाच्या वरच्या टोकापासून दुसरा चेंडू सोडून पाहा. तो खालच्या चेंडूवर किंवा किंचित अलीकडे पडला तर उभं राहणं बरोबर आहे.

घेण्याआधी बॅगेचे पाय चार-पाच वेळा उघडून-मिटून पाहावेत. प्लास्टिकची बिजागरी सहसा तिथेच तुटते. हातमोजा आणि चेंडू बहुधा वेगळे घ्यावे लागतात. चेंडू साधे, दोन थरांचे घ्या. महागडे घेतलेत तरी तळ्यात तेवढेच जातील.