कराटे लावू, बॉक्सिंग लावू, की सरळ ज्युदो?

दर जूनमध्ये शाळा सुरू झाल्या आणि सोसायटीच्या गेटवर कराटेचा फ्लेक्स लागला की ओळखीतलं कोणीतरी विचारतंच, पोरीला कराटे लावू का गं? आणि मग दोन मिनिटांनी आवाज खाली करून, मी पण काहीतरी शिकावं म्हणतेय, ऑफिसातून यायला रात्र होते, तर मी काय लावू? हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि दोघींना एकच क्लास चालेल असं अजिबात नाही, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी माझं मत सांगते म्हणजे पुढचं वाचताना कळेल मी कुठल्या चष्म्यातून बघतेय. बोर्डावर नाव काय लिहिलंय यापेक्षा आत समोरचा माणूस खरंच विरोध करतो का हे मी बघते. "माझं मनगट पकड, मी असं फिरवते, आता सोड" हा प्रकार सगळीकडे चालतो, बघायला भारी वाटतो, पण पकडणाऱ्याला आधीच माहीत असतं की कधी सोडायचंय. स्टँडवर लावलेल्या स्कूटीवर गाडी शिकल्यासारखं आहे ते. ज्या क्लासमध्ये आठवड्यातून एकदोनदा तरी दोघांना मोकळं सोडतात, नियमात राहून पण समोरचा खरोखर तुमचा डाव हाणून पाडायला बघतोय, तो क्लास कामाचा.

आता कराटे, कारण ते सगळ्यात जवळ असतं, सगळ्यात स्वस्तही बहुतेक तेच. मूळ ओकिनावाचं, गिचिन फुनाकोशींनी 1922 मध्ये टोकियोला प्रात्यक्षिक दिलं आणि तिथून ते जपानभर आणि पुढे जगभर गेलं. मुलांसाठी मस्त आहे, तोल, लवचिकपणा, रांगेत उभं राहून सरांचं ऐकणं, अंतराचा अंदाज, जोरात ओरडायची सवय (ही शेवटची गोष्ट लोक हसण्यावारी नेतात, पण मुली ओरडायला किती लाजतात ते बघा म्हणजे तिची किंमत कळेल). अडचण स्पर्धेच्या नियमांत आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे 2021 ला, पुरुषांच्या 75 किलोवरच्या गटाच्या फायनलला सौदीच्या तारेग हमेदीची हाय किक इराणच्या सज्जाद गंजजादेला बसली, गंजजादे जागेवर बेशुद्ध, स्ट्रेचरवरून नेला, आणि गोल्ड मात्र त्यालाच मिळालं, कारण किक प्रमाणाबाहेर जोरात मारली म्हणून हमेदी बाद! खेळ म्हणून ते बरोबरच आहे, पोरांची डोकी फुटू नयेत म्हणूनच तो नियम आहे, पण टच झाला की थांबायचं ही सवय अंगात मुरते आणि रस्त्यावर गुण मोजायला कोणी रेफरी उभा नसतो. सगळं कराटे असं नाही हेही खरं, क्योकुशिन नावाच्या शैलीवाले अंगावर पूर्ण जोराने मारतात, फक्त हाताने तोंडावर मारायला बंदी. म्हणून क्लासला विचारा की शैली कुठली आणि कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, किती वेळा होते. उत्तरात फक्त काता (एकट्याने हवेत करायचे ठरलेले डाव) आणि बेल्टचे रंग आले तर समजून जा.

तायक्वांदोचं थोडक्यात. किक अप्रतिम, 2000 पासून ऑलिंपिकमध्ये कायम, शाळकरी मुलांना स्पर्धांची शिडी चांगली. पण मॅचमध्ये हाताने तोंडावर मारता येत नाही, त्यामुळे बरेच खेळाडू हात खालीच ठेवून खेळतात. आणि जीन्स घालून ओल्या फुटपाथवर डोक्याच्या उंचीची किक मारायची कल्पना करून बघा.

ज्युदोबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे कारण त्याच्याकडे लोक बघतच नाहीत. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान सुरू केलं तेव्हापासून त्यात मोकळी झटापट, म्हणजे रांदोरी, ही सरावाचाच भाग आहे, त्यामुळे वरची माझी अट ज्युदो आपोआप पूर्ण करतं. आणि त्याआधी शिकवतात ते पडणं. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, हात अंगापासून थोडा लांब ठेवून अख्खा पुढचा हात मॅटवर फाडकन आपटायचा, डोकं टेकू द्यायचं नाही. आधी बसून, मग उकिडवं, मग उभं राहून, मग कोणीतरी फेकल्यावर. पहिले काही आठवडे कंटाळा येतो आणि पालक विचारायला लागतात की डाव कधी शिकवणार. अहो, पण मारामारी आयुष्यात एकदा होईल की नाही माहीत नाही, पावसात गाडी स्लिप होणं आणि बाथरूममध्ये पाय घसरणं मात्र ठरलेलं आहे! सेल्फ डिफेन्स म्हणून मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळा कामाला येणारी गोष्ट हीच. मुलगी समोरच्याच्या अंगाशी येण्याला घाबरत नाही, पकडलं की गोठत नाही, हा दुसरा फायदा. तोटे पण आहेत. सगळी पकड जाड जॅकेटची, आपल्या हवेत लोक पातळ टीशर्टवर फिरतात, ओढला की फाटतो. 2010 पासून स्पर्धेत पाय पकडायला बंदी आली, त्यामुळे पायात घुसणाऱ्याला कसं अडवायचं हे नवीन पोरांना फारसं येत नाही. आणि चाळिशीनंतर नव्याने सुरू केलंत तर गुडघा आणि खांदा आठवण करून देतात. मास्तर समजूतदार असला तर ठीक, नाहीतर विसाव्या वर्षाच्या पोराबरोबर रांदोरीला उभं करेल.

पायात घुसण्याचं म्हणाल तर पट काढणं, म्हणजे पाय धरून पाडणं, आपल्या कुस्तीत पहिल्यापासून. कोल्हापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात राहत असाल आणि मुलगा दहाबारा वर्षांचा असेल तर कशाला लांब जाताय, तालीम बघा. खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, 1952 ला हेलसिंकीत ब्रॉन्झ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक, ते याच मातीतलं. जोर-बैठका मारून जी ताकद आणि तोल येतो तो जिममध्ये येत नाही, आणि रोज कोणीतरी तुम्हाला पाडायला बघतंय म्हटल्यावर भीती आपोआप मोडते. पण पहाटे उठणं, खुराक, वस्तादांची शिस्त हे सगळं पॅकेज आहे, आयटीवाल्याने वीकेंडला करायचं काम नाही. जुन्या तालमी पुरुषांच्याच, मुलींसाठी मॅटवरची वेगळी केंद्रं शोधावी लागतात. महिला कुस्ती 2004 ला ऑलिंपिकमध्ये आली, साक्षी मलिकचं ब्रॉन्झ 2016 चं, त्यामुळे आता मुलीला कुस्ती म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांना उत्तर तयार आहे. पंच-किक यात नाही, हे लक्षात ठेवा.

बॉक्सिंग. कमी वेळात काहीतरी हाताशी हवं असेल तर मी हेच सांगते. शिकायला मोजक्याच गोष्टी आहेत, जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), क्रॉस, हुक, अपरकट असे ठोसे, गार्ड, पाय कसे हलवायचे, पण त्या शेकडो वेळा करून घेतात. आणि एक अनुभव बॉक्सिंगच देतं. पहिल्या हलक्या स्पॅरिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, नाकावर जॅब बसतो, डोळ्यात पाणी येतं, श्वास अडकतो, हात आपोआप खाली जातात किंवा माणूस पाठ फिरवतो. कोच ओरडतो, हात वर, बघ समोर! काही आठवड्यांनी तोच जॅब बसतो आणि तुम्ही बघत राहता. हा बदल व्हिडिओ बघून येत नाही. पण ग्लोव्ह नसताना मुठीने जोरात डोक्यावर मारलात तर तुमचीच बोटं मोडतात, आणि कोणी मिठी मारून धरलं की बॉक्सरकडे फारसं उत्तर नसतं. डोक्याला मार हा तर मोठा मुद्दा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा लहान मुलांच्या बॉक्सिंगला उघड विरोध आहे. मी तरी मुलांना बॅग, पॅड आणि फूटवर्कपर्यंतच ठेवेन. मुए थाय (थायलंडचं बॉक्सिंग) आणि किकबॉक्सिंगलाही हेच लागू, फक्त गुडघे आणि लाथा वाढतात. नावात किकबॉक्सिंग आहे पण आत गाणी लावून नुसतं हवेत मारतात असे क्लास कॅलरीसाठी छान, बाकी सोडून द्या.

ब्राझिलियन जिउ जित्सू 1993 च्या पहिल्या यूएफसीपासून, म्हणजे वेगवेगळ्या शैलींच्या लढवय्यांना समोरासमोर आणणाऱ्या अमेरिकेतल्या स्पर्धेपासून, गाजतंय, सडपातळ रॉइस ग्रेसीने मोठमोठ्यांना जमिनीवर नेऊन गळ्याला पकडून सरेंडर करायला लावलं. बाईच्या दृष्टीने विचार केला तर अंगावर वजन टाकून दाबून धरलंय आणि तिथून सुटायचंय ही परिस्थिती याच्याइतकी कुणीच घोटून घेत नाही. टॅप केलं, म्हणजे हाताने थोपटून हार मानली, की सोडतात म्हणून रोज पूर्ण ताकदीने सराव करता येतो, डोक्याला मार नाही. पण मुंबई-पुण्यासारखी शहरं सोडली तर मिळणं अवघड, फी कराटेच्या कितीतरी पट, प्रगती कासवाच्या गतीने, आणि मॅट नीट पुसत नसतील तर गजकर्ण घरी येतं. शिवाय समोर दोनतीन जण असतील तर जमिनीवर स्वतःहून जाणं म्हणजे मूर्खपणा, हे चांगला कोच पहिल्याच दिवशी सांगतो.

क्राव मागाची जाहिरात सगळ्यात जोरदार असते. इमी लिख्टेनफेल्ड यांनी इस्रायली लष्करासाठी बसवलेली पद्धत, विचार सरळ आहेत, आधी धोका ओळख, मार, नीघ. पॅडवर दमवून, आरडाओरडा करून, दोघातिघांना अंगावर सोडून सराव घेणारी जागा मिळाली तर डोळे झाकून जा. पण या नावाखाली दोन दिवसांचं वर्कशॉप आणि सर्टिफिकेटही विकतात, त्यात रबरी चाकू घेतलेला माणूस एकदाच हात पुढे करतो आणि तसाच धरून उभा राहतो. खरा चाकूवाला दहा वेळा खुपसतो आणि दुसऱ्या हाताने धरून ठेवतो. असं वर्कशॉप करून आलेल्या मुलीला चाकू हिसकावता येतो असं वाटायला लागलं तर ती आधीपेक्षा जास्त धोक्यात आहे. मोबाईल मागतोय तर दे आणि पळ, चेन मागतोय तर दे.

मर्दानी खेळ राहिला. लाठी, दांडपट्टा, बोथाटी, मुलांना जरूर शिकवा, खांदे-मनगटं तयार होतात, आणि आपलं आहे. बचाव म्हणून मात्र लाठी घेऊन लोकलमध्ये कोण फिरतं?

मग कोणी काय लावावं? सहा ते दहाच्या मुलांना जवळचा कराटे किंवा ज्युदो, यातला मास्तर जो चांगला तो, शैली नंतर. कॉलेजच्या मुलीला दोन वर्षं वेळ असेल तर ज्युदो किंवा जिउ जित्सू, चारसहा महिनेच असतील तर बॉक्सिंग. चाळिशीच्या ऑफिसवालीला बॉक्सिंग पॅडवर्क, आणि जोडीला कुठे पडणं शिकायला मिळालं तर उत्तम. चांगली क्राव मागाची जागा असेल तर तीही चालेल, पण आधी बघून या.

पैशाचं बोलायचं तर महिन्याची फी फसवी असते. दर तीनचार महिन्यांनी बेल्ट परीक्षा, तिची फी वेगळी, ड्रेस आमच्याकडूनच घ्या, कॅम्प, स्पर्धेची एंट्री, हे सगळं वर्षाचं मिळून विचारा. दहावीच्या क्रीडा गुणांसाठी लावत असाल तर फ्लेक्सवरच्या "इंटरनॅशनल" शब्दावर जाऊ नका, त्यांच्या स्पर्धा धरतात का ते जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून या.

कायद्याचं पण क्लासमध्ये कोणी सांगत नाही. भारतीय न्याय संहितेत, जी 1 जुलै 2024 पासून लागू आहे, कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाची आहेत. हक्क आहे, पण बचावाला लागेल तेवढाच मार. बलात्काराच्या, अपहरणाच्या किंवा ॲसिड टाकण्याच्या हेतूने हल्ला असेल तर हा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंत जातो. पण तो पडला, पळायला लागला, धोका संपला आणि तुम्ही मागून जाऊन अजून चार लाथा घातल्या तर गुन्हेगार तुम्ही. सुटल्यावर लोकांत जायचं आणि 112 ला फोन, तालीम याचीही करा, खरंच.

क्लास बघायला जाल तेव्हा ट्रायलच्या आधी एक अख्खा तास बाजूला बसा. पालकांना आत बसू देत नाहीत किंवा मुलीला एकटीला "एक्स्ट्रा प्रॅक्टिस" साठी बोलावतात असं ऐकलं तर तिथूनच परत फिरायचं, मास्तर कितीही नावाजलेला असू दे. मोठी पोरं नवख्यांना कशी वागवतात ते बघा, कोणी टॅप केल्यावर किंवा नको म्हटल्यावर लगेच सोडतात का ते बघा. बायकांना पुरुषांबरोबर पण सराव देतात का विचारा, कारण ताकदीचा फरक एकदा अंगावर घेतल्याशिवाय कळत नाही. आणि ट्रायलला जाताना नखं कापा, अंगठी, कानातलं आणि मंगळसूत्र घरी काढून ठेवा, जेवण दोन तास आधी.