पिल्लाच्या हृदयात मर्मर: इको करायचा की आधी रक्ततपासणी?

मैत्रिणीची 7 महिन्यांची लॅब्रेडोर, नसबंदीच्या आधी डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला आणि म्हणाले मर्मर (हृदयाच्या ठोक्यांसोबत येणारा जास्तीचा फुसफुस आवाज) ऐकू येतोय. आता ती विचारतेय, इको (हृदयाची सोनोग्राफी) करू की प्रोबीएनपीची (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा घटक) रक्ततपासणी पुरेल?

खर्चाचं म्हणाल तर रक्ततपासणी स्वस्त, थोडं रक्त काढलं की झालं. इको महाग, शिवाय तो हृदयाचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडेच करावा, आणि असे डॉक्टर मोठ्या शहरांतच मिळतात. कुत्र्याला मात्र इकोचा फार त्रास नाही, कुशीवर झोपवून छातीचे थोडे केस काढतात, शांत असेल तर गुंगीही लागत नाही.

खरा फरक कळतं काय यात आहे. प्रोबीएनपी हृदयावर ताण आहे का एवढंच सांगतं, दोष कुठला ते नाही, आणि जन्मजात दोष असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, माझा म्हणूनच त्यावर एकट्यावर भरवसा नाही. इकोत झडप अरुंद आहे की पीडीए (जन्मानंतर बंद व्हायला हवी अशी हृदयाजवळची रक्तवाहिनी) उघडा राहिलाय ते दिसतं, त्यावरून भूल कशी द्यायची ते ठरतं, आणि पीडीए तर बंदही करता येतो.

पिल्लू 4 महिन्यांच्या आतलं, मर्मर 6 पैकी 1-2 ग्रेडचा (म्हणजे हलका), खेळतंय खातंय, तर हिमोग्लोबिन बघा (रक्त कमी असलं तरी मर्मर येतो) आणि काही आठवडे थांबून परत ऐकवा, बऱ्याचदा तो जातो. 6 महिन्यांनंतरही राहिला, ग्रेड 3 किंवा वर असेल, मर्मर मध्ये न थांबता सतत ऐकू येत असेल किंवा बॉक्सर, गोल्डनसारखी जात असेल तर सरळ इको. मैत्रिणीला मी इकोच सांगितलाय, नसबंदी महिनाभर पुढे गेली तरी चालेल.