सायकल-फिटिंग: एका हंगामानंतरचा हिशेब

गेल्या वर्षी जानेवारीत पुण्यातील एका सायकल-फिटिंग केंद्रात, म्हणजे चालवणाऱ्याच्या शरीरानुसार सायकलची सीट, हँडलबार वगैरे जुळवून देणाऱ्या ठिकाणी, मी साडेआठ हजार रुपये भरले आणि तिथे तीन तास घालवले. त्याच आठवड्यात अभिप्राय लिहिला असता, तर मी डोळे झाकून पाच तारे दिले असते. एप्रिलमध्ये लिहिला असता, तर त्यांतले दोनच उरले असते. आता शर्यतींचा एक पूर्ण हंगाम, एक पावसाळा आणि सुमारे सात हजार किलोमीटर पायांखालून गेल्यावर लिहिते आहे, कारण या सेवेचे मोल पहिल्या दिवशी कळत नाही, हे मला वर्षभरात चांगलेच उमगले. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही. ज्या उणिवा मला जाणवल्या, त्या कमी-अधिक प्रमाणात इतर केंद्रांतही असल्याचे शर्यतीतील मैत्रिणींकडून ऐकले आहे.

माझ्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. मी एकोणचाळीस वर्षांची, पूर्णवेळ नोकरी करणारी हौशी शर्यतपटू आहे. ज्या महिला गटात मी उतरते, त्यात कधी सहा जणी असतात, कधी अकरा. सायकल एका मित्राकडून घेतलेली, त्याच्या मापाची. तिच्यावर तीन वर्षे मी दोन दुखणी घेऊन बसत होते: सत्तर किलोमीटरनंतर उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला उठणारी कळ आणि दोन्ही हातांच्या करंगळी व तिच्या शेजारच्या बोटात येणारी बधिरता. सीटची उंची मी ०.८८३ च्या प्रसिद्ध सूत्राने ठरवली होती. फ्रेंच संघ-व्यवस्थापक सिरील गिमार आणि अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या नावाशी जोडलेल्या या सूत्रानुसार पायाची आतली लांबी ०.८८३ ने गुणली, की बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे ज्या आसाभोवती फिरतात, त्या भागाच्या) केंद्रापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मिळते. माझी लांबी ७६ सेंटिमीटर, म्हणून उंची ६७.१. गणित बरोबर होते. परंतु बुटाचा तळवा किती जाड आहे, मांडीमागचे स्नायू किती आखडलेले आहेत आणि पेडल मारताना घोटा कसा वळतो, यांपैकी काहीच त्या सूत्राला ठाऊक नसते.

केंद्रातील पहिली चाळीस मिनिटे सायकलला कोणी हातही लावला नाही. जुन्या दुखापती विचारल्या, टेबलावर झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून पाहिला, तळपायाची कमान तपासली, बैठकीच्या हाडांमधील अंतर मोजले. फिटर पुरुष होता. मात्र सोबत एक महिला फिजिओथेरपिस्ट होती आणि सीटच्या पुढच्या भागाचा दाब नेमका कुठे येतो, त्वचा सोलवटते का, सूज येते का, हे प्रश्न तिने आडपडदा न ठेवता, सर्दी-खोकल्याविषयी विचारावे तितक्या सहजपणे विचारले. बायका हा त्रास वर्षानुवर्षे सोसतात आणि दुकानात फक्त ‘मऊ सीट आहे का’ एवढेच विचारून परततात. ही पाऊण तासाची चौकशी मला सर्वांत मोलाची वाटली.

त्यानंतर सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागीच पेडल मारता येणाऱ्या स्टँडवर, चढवून घोटा, गुडघा, कंबर, खांदा, कोपर आणि मनगट यांवर ठिपके लावले गेले. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किती वाकलेला राहतो, हे सीटच्या उंचीचे मुख्य माप. पाय स्थिर ठेवून कोनमापकाने मोजल्यास ते २५ ते ३५ अंशांच्या दरम्यान असावे आणि फिरत्या पायावर कॅमेऱ्याने मोजल्यास त्याहून काही अंश अधिक, असा प्रघात आहे. माझे माप फिरत्या पायावर अवघे २९ भरले, म्हणजे सीट जास्त उंच होती. खाली पोहोचण्यासाठी पाय प्रत्येक फेरीला ताणला जात होता आणि गुडघ्याच्या बाहेरची कळ त्यातून येत होती. सीट नऊ मिलिमीटर खाली आली.

क्लीटच्या, म्हणजे बुटाच्या तळाला बसवून पेडलमध्ये अडकवायच्या तुकड्यांच्या, बाबतीत दोष सर्वस्वी माझाच होता. शिमानोच्या रोड पेडलसाठी तीन रंगांच्या क्लीट मिळतात: पिवळ्या क्लीटमध्ये टाच सहा अंश हलू शकते, निळीत दोन अंश आणि लालमध्ये मुळीच नाही. शर्यत करायची तर पाय घट्ट जखडलेला हवा, या समजुतीने मी लाल बसवून घेतल्या होत्या. फिटरने त्या पाहिल्या, काही बोलला नाही आणि पिवळ्या काढून आणल्या. गुडघ्याला जो आराम पडला, त्यातला अर्धा वाटा या काही शे रुपयांच्या प्लास्टिकच्या तुकड्यांचा असावा, असा माझा आजही अंदाज आहे.

तिसरा बदल हँडलबारचा. मित्राच्या खांद्यांना शोभणारा ४२ सेंटिमीटरचा बार काढून ३८ चा बसवला, स्टेम (बारला सायकलशी जोडणारा दांडा) दहा मिलिमीटरने आखूड केला. बार, टेप आणि केबलची मजुरी यांचे पैसे वेगळे पडले, याची कल्पना आधी द्यायला हवी होती. ती बिल हातात आल्यावर मिळाली. बदल मात्र योग्य होता. रुंद बारवर माझी मनगटे बाहेर वळत आणि शरीराचा भार तळहाताच्या करंगळीकडील कडेवर, म्हणजे तिथून जाणाऱ्या मज्जातंतूवर पडे. १ जानेवारी २०२६ पासून यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक महासंघाने रस्त्यावरील शर्यतींसाठी बारची किमान रुंदी बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत ४०० मिलिमीटर ठरवली आहे. माझा ३८ चा बार नळीच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजलेला आहे. नळीची सुमारे २४ मिलिमीटरची जाडी मिळवली, की तो जेमतेम नियमात बसतो. आमच्या रविवारच्या शर्यतींत हे कोणी मोजणार नाही. पण १९ ते २३ जानेवारीदरम्यान पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत पाहायला रस्त्याकडेला उभी असताना मी खेळाडूंच्या चेहऱ्यांपेक्षा त्यांच्या हातांकडेच अधिक बघत होते. छोट्या चणीच्या स्त्रियांवर हा नियम अन्याय करतो, हे माझे मत आहे.

आणखी एका गोष्टीचे श्रेय फिटरला द्यायला हवे. विख्यात स्लोव्हेनियन सायकलपटू तादेय पोगाचार १६५ मिलिमीटरचे क्रँक (पेडलचे दांडे) वापरू लागल्यापासून आमच्या गटात आखूड क्रँकची साथच आली आहे. मीही विचारले. माझे क्रँक १७० चे आहेत, १६५ चे मला शोभतील, हे त्याने मान्य केले. मात्र एकाच दिवशी इतके बदल केले, तर कशाने बरे वाटले आणि कशाने बिघडले हे दोघांनाही कळणार नाही, असे सांगून त्याने विक्रीची चालून आलेली संधी सोडली.

मग एप्रिलमध्ये काय बिनसले? पहिल्या भेटीच्या आदल्या दिवशी मी विश्रांती घेतली होती. वातानुकूलित खोलीत, ताज्या पायांनी, गप्पा मारत वीस मिनिटे हलकी पेडल मारली आणि त्या शरीरासाठी माझी बैठक ठरली. पेडल आडवे असताना गुडघ्याच्या पुढच्या कडेतून सोडलेला ओळंबा पेडलच्या अक्षावर पडावा, या जुन्या नियमाला धरून सीट आठ मिलिमीटर मागेही सरकवली गेली. हा नियम सोयीचा असला, तरी त्याला शरीरशास्त्राचा भक्कम आधार नाही. एप्रिलच्या उन्हातील शर्यतीत दुसऱ्या तासाला वेग वाढला, की मी नकळत घसरत सीटच्या टोकावर येऊन बसत होते आणि शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये कंबर इतकी धरली, की अंतिम स्प्रिंटला उठताच आले नाही.

केंद्राच्या नियमानुसार तीस दिवसांच्या आत दुसरी भेट मोफत असते. त्यानंतर तीन हजार रुपये. हा नियम माझ्या मते या सेवेतील सर्वांत मोठा दोष आहे. नोकरी सांभाळून शर्यती करणाऱ्या माणसाला तीस दिवसांत चार रविवार मिळतात, आणि नव्या बैठकीची स्नायूंना सवय होण्यातच ते संपतात. खरी तक्रार तिसऱ्या-चौथ्या महिन्यात जन्माला येते. मी हुज्जत घातली, उपयोग झाला नाही, पैसे भरले. या वेळी मात्र पहाटे निघून बोपदेव घाट दोनदा चढले आणि पंचावन्न किलोमीटर करून, जर्सीवर मिठाचे पांढरे डाग घेऊन तशीच केंद्रात गेले. शर्यतीच्या जोराने पेडल मारू द्या, असा आग्रह धरला. चौथ्या मिनिटाला मी पुढे घसरू लागले आणि ते फिटरला नुसत्या डोळ्यांनी दिसले. ठिपक्यांची गरजही पडली नाही. सीट सहा मिलिमीटर पुढे गेली, आणि पुढे गेल्यामुळे पेडलपर्यंतचे अंतर कमी झाले म्हणून दोन मिलिमीटर वर. पंचवीस मिनिटांचे काम. वर्षभरात मला जो फरक पडला, तो बहुतांशी या पंचवीस मिनिटांचा आहे.

अहवालाबद्दलही लिहायला हवे. चौदा पानांची रंगीत पीडीएफ, दशांश स्थळापर्यंत कोन, आधीची आणि नंतरची छायाचित्रे. परंतु सीटची उंची नेमकी कोणत्या बिंदूपासून कोणत्या बिंदूपर्यंत मोजली, हे त्यात कुठेही नव्हते. ऑगस्टमध्ये चिखलामुळे सीटपोस्ट (सीटचा दांडा) काढून साफ करावा लागला आणि परत बसवताना मेकॅनिकला नेमका त्याच आकड्याचा काही उपयोग झाला नाही. चार मिलिमीटरची चूक माझ्या गुडघ्याने तिसऱ्या दिवशी ओळखली. १९६९ मध्ये फ्रान्समधील ब्लुआ येथील अपघातात कंबरेला मार बसल्यानंतर बेल्जियन सायकलपटू एडी मर्क्स सीटची उंची सतत बदलत असे, हे वाचून पूर्वी गंमत वाटायची. आता वाटत नाही. सध्या माझ्या सीटपोस्टवर इलेक्ट्रिकल टेपचा काळा वेढा आहे आणि तो चौदा पानांपेक्षा अधिक भरवशाचा आहे.

वेग वाढला का, हा प्रश्न सगळेच विचारतात. सिंहगडाच्या चढावर माझी वेळ वर्षभरात जेमतेम अर्ध्या मिनिटाने सुधारली, आणि तिचे श्रेय सरावाचे. फिटिंगचे म्हणवत नाही. फरक दिसला तो सपाटीवर. पूर्वी वाकून, हँडलबारच्या खालच्या वळणावर हात ठेवून मी आठ-दहा मिनिटांहून अधिक टिकत नसे. नोव्हेंबरमधील पुणे ते गोवा या डेक्कन क्लिफहँगर शर्यतीत आम्ही चौघे पाळीपाळीने सायकल चालवत होतो. साताऱ्याच्या पुढे दक्षिणेकडे जाणाऱ्या महामार्गावर, समोरून वारा असताना, माझ्या पाळीत मी सलग पस्तीस मिनिटे त्याच स्थितीत राहिले आणि उतरल्यावर पाण्याच्या बाटलीचे झाकण माझ्याच बोटांनी उघडले. सुमारे ६४० किलोमीटरच्या शर्यतीत हे काही मोठे कर्तृत्व नव्हे, पण आदल्या वर्षी तेच झाकण मला दुसऱ्याकडून उघडून घ्यावे लागत होते.

दोन भेटी, बार आणि मजुरी धरून माझा एकूण खर्च सोळा हजारांच्या घरात गेला. आठवड्यातून चार-पाच तास सायकल चालवणाऱ्याने एवढे पैसे घालू नयेत. त्याने पिवळ्या क्लीट घ्याव्यात, खांद्यांच्या मापाचा बार बसवावा आणि जाणत्या माणसाकडून सीटची उंची पाहून घ्यावी. शर्यतीत उतरणाऱ्याने अवश्य जावे. मात्र पैसे भरण्यापूर्वी दुसऱ्या भेटीची मुदत विचारावी आणि ती तीन महिन्यांची करून मागावी. पाचपैकी साडेतीन तारे. मुदत बदलली, तर मी चार देईन.

क्रँक बदलण्यासाठी मार्चमधील पहिल्या शनिवारची वेळ घेतली आहे. त्यांनी सकाळी नऊची देऊ केली होती. मी बारा मागून घेतली, म्हणजे आधी बोपदेव दोनदा चढून जाता येईल.